झोक्यावरची मोट

"हिंमतरावाच्या इंजनाचं पानी माह्या वांग्याले? अरे, वांगे वाळून गेले तरी चालंल, पन हा पुंजाजी त्याच्या ओट्यावर जानार नाही म्हंजे नाही!"

ही प्रतिज्ञा पुंजाजीनं ऐन चैत्राच्या उन्हात, मलकापूरच्या बाजारातून परतताना, माणसांनी भरलेल्या बैलगाडीत केली. त्यामुळं ती दिवस मावळायच्या आत हिंमतरावाकडं पोचली. गाडी अर्थातच दुसऱ्याची होती. पुंजाजीच्या जोडीतला एक बैल पाय मुरगळून गोठ्यात बसला होता, आणि एकटा बैल मोट ओढेना. विहिरीत पाणी होतं, पण ते विहिरीतच होतं! वर मळ्यात वांगी आणि मिरच्या माना टाकून उभ्या होत्या.

शेजारच्या मळ्यात हिंमतरावाचं नवंकोरं डिझेल इंजिन होतं. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि गावात नवं म्हणावं असं एवढंच काय ते आलं होतं. हिंमतराव पाणी द्यायला तयार होता. पुंजाजीनं ओट्यावर येऊन, चार लोकांत हात जोडून मागावं, एवढीच अट. कारण इंजिनाच्या पूजेच्या दिवशी ते सुरूच होईना, नुसतं धापा टाकत राहिलं, तेव्हा पुंजाजी सगळ्या गावासमोर म्हणाला होता, "हिंमतराव, याले आधी दवाखान्यात न्या!" आता त्याच इंजिनापुढं हात जोडायचे? छे! पुंजाजीची मान ताठच्या ताठ. त्या ताठ मानेनं तो वांग्यांकडं बघायचा आणि मग गुपचूप दुसरीकडं बघायचा.

अशात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्या. आखाजी म्हणजे लेकींचा हक्काचा विसावा. आमरस-पुरणपोळी खायची आणि दिवसभर झोक्यावर बसून गाण्यांतून सासूचा उद्धार करायचा! पुंजाजीच्या मळ्यातल्या निंबाच्या फांदीसारखी फांदी गावात दुसरी नव्हती. म्हणून त्याची लेक कोकिळा आणि तिच्या मैत्रिणी सकाळपासून तिथंच. झोका पुढं जायचा, मागं यायचा. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. पुंजाजी बांधावर बसून बघत होता. एवढा जोर लागतोय आणि जागचं काही हलत नाही! सगळी ताकद फुकट वाऱ्यावर! आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मलकापूरच्या भंगारातून कापसाच्या जिनातलं एक जुनं दातेरी चाक आणलं. झोक्याच्या फळीला मागून दोरी बांधली, फांदीवरच्या कप्पीवरून ती गोठ्यामागं नेली आणि चाकाला जोडली. झोका पुढं गेला की चाक फिरायचं. झोका मागं आला की खटका दातात अडकायचा आणि चाकाला उलटं फिरू द्यायचा नाही. त्याच चाकाला दुसऱ्या दोरानं एक भलामोठा दगड टांगलेला. पोरी झोका घेतील तसा दगड कट् कट् करत वर चढायचा. घड्याळाला चावी द्यावी तसं! दिवस कलला आणि पोरी घरी गेल्या की फळीची दोरी सोडायची आणि खटका ओढायचा. मोटेचा दोर दगडालाच बांधलेला, म्हणून दगड खाली, मोट वर! ना बैल, ना इंजिन, ना हिंमतराव!

हे त्यानं कोणालाही सांगितलं नाही. बायकोला, रुखमाबाईला, तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशी मोट अर्ध्या विहिरीपर्यंत आली, थोडी घुटमळली आणि परत गेली. पुंजाजीनं आणखी एक दगड जोडला. मग मोट काठापर्यंत आली आणि तिथंच अडली. त्यानं तेलघाण्याचा फुटका दगड आणून बांधला. तेव्हा कुठं मोट भडभड ओतली गेली आणि वांग्यांचा एक वाफा भिजला! पुंजाजीनं टोपी काढून विहिरीला नमस्कार केला, हिंमतरावाच्या मळ्याकडं बघून छाती फुगवली, आणि उरलेल्या वाफ्यांसाठी आणखी दगड शोधायला गेला.

"बाबा, हा झोका इतका जड काऊन येऊन राह्यला?" कोकिळेनं विचारलं. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"झोका जड नाही झाला, तुम्ही जड झाल्या! सासरी बसून खाता ना!"

पुंजाजीला वाटलं, काय झकास उत्तर सुचलं! खरं तर याहून वाईट उत्तर त्याला जन्मात सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली आणि एकाही पोरीनं पुरणपोळीला हात लावला नाही. आमरसाच्या वाट्या तशाच. कोणी म्हणे पोट बरं नाही, कोणी म्हणे उपास आहे. आणि झोका तर कालच्यापेक्षाही जड! साहजिकच होतं, पुंजाजीनं सकाळीच आणखी एक दगड चढवला होता.

"आवं पोरींनो, एवढं पुरन म्या कोनासाठी वाटलं?" रुखमाबाई कडाडली. "गाईले घालू?"

"बाबा म्हनते, आम्ही जाड झालो," कोकिळा मान फिरवून म्हणाली.

रुखमाबाई हातात उलथनं घेऊन वळली.

"पोट्टी सासरी ढोरावानी राबते! चार दिवस मायच्या हातचं खाते, तं ते बी तुमच्या डोयात खुपलं?"

"अवं, गंमत केली!" पुंजाजी मागं सरकत म्हणाला. "झोका काही जड-बिड नाही. हे पाह्य, मीच बसतो!"

आणि तो बसला. पाय रेटले, दात आवळले. मानेच्या शिरा टरारून फुगल्या, पण तोंडावर हसू कायम! "पाह्यलं? फुलावानी हलका हाय!" झोका वीतभर पुढं सरकला आणि गोठ्यामागून आवाज आला : कट्!

पोरगी बापावरच गेलेली. कोकिळा आवाजाच्या मागावर निघाली. गोठ्यामागं तिनं चाक पाहिलं, वर टांगलेला दगडांचा ढिगारा पाहिला, विहिरीकडं गेलेला मोटेचा दोर पाहिला, आणि सगळं एका नजरेत समजली. संतापानं तिनं खटका धरून ओढला. पुढं काय होणार हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ती अजूनही म्हणते.

फळीची दोरी सोडलेली नव्हती! दगड धाडकन खाली आले, चाक गरगरा उलटं फिरलं, दोरी सपासप गुंडाळली गेली आणि पुंजाजी फळीसकट निंबाच्या फांदीला जाऊन भिडला. तिकडं मोट दणक्यात वर आली आणि पाटानं खळाळत पाणी सुटलं.

"अवो, पानी आलं!" रुखमाबाई आनंदानं नाचायला लागली. "वांग्याले पानी आलं! अवो, कुठी गेले तुम्ही?"

"वर!" निंबातून आवाज आला.

पोरी खाली जमल्या. कोकिळा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज चांगलाच खणखणीत होता.

"बाबा, सासरी पानी आम्हीच काढाचं अन् माहेरी बी आम्हीच? इथं आल्यावर तरी आमच्या आंगातला जोर आमचाच राहू द्या ना!"

पुंजाजीला वर फांदीवर खरोखर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून काय लगेच कबूल करायचं?

"थो हिंमतराव..." त्यानं सुरुवात केली.

"हिंमतरावकाकाचं इंजन घ्या, नाहीतर सोता झोका घ्या! आमचा झोका आम्हाले मोकळा पाहिजे. नाहीतर आम्ही आत्ताच चाललो हिंमतरावकाकाच्या आंब्याखाली झोका बांधाले!"

पुंजाजी फांदीवरून खाली वाकला. त्याची पोरगी आखाजीला हिंमतरावाच्या आंब्याखाली! त्यापेक्षा वांगी, मिरच्या, मळा, सगळं वाळलं तरी परवडलं!

"घेतो, माय! मीच घेतो झोका! पन आधी खाली उतरवा!"

पोरींनी त्याला उतरवलं, पण सावकाश. खालच्या फांदीला दुसरा झोका बांधला, चाकाची दोरी त्याला जोडली आणि पुंजाजी धोतर खोचून बसला. आखाजी सरेपर्यंत तो झोक्यावरच होता. पोरी आपल्या झोक्यावर त्याच्या नावाची गाणी म्हणत होत्या, पुरणपोळ्या हाणत होत्या, आणि कोकिळा मधूनच ओरडत होती, "जोरात, बाबा! मिरच्या राह्यल्या!" अख्खं गाव बघायला लोटलं. पुंजाजीनं कोणाकडं बघितलं नाही. उलट लोक जमले तसा त्यानं झोका उंच नेला.

शेवटी हिंमतराव बांधावर आला. बराच वेळ बघत राहिला. हा माणूस झोक्यावर जीव देईल, असं त्याला वाटायला लागलं.

"पुंजाजी, उतर बे! इंजन फुकट देतो!"

"नाही पाहिजे!" झोका पुढं जाताना पुंजाजी म्हणाला. "ठेवा तुमच्यापाशी!" हे मागं येताना.

हिंमतरावानं कपाळाला हात लावला आणि रुखमाबाईकडं वळला. "वहिनी, आता याले काय म्हनाव? या वयात, असा दिवसभर?"

रुखमाबाईनं आमरसाची वाटी भरली आणि नवऱ्यासाठी झोक्याजवळच्या दगडावर नेऊन ठेवली.

"काही नाही, भाऊजी," ती म्हणाली, "माहेरपनाले आले हायेत ते!"