दिनकररावांची मोहलत

दिनकररावांसमोर ‘डबल’ हा शब्द उच्चारायची सोय नाही. भैंसा गावात माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. वाढप्याने पावाच्या गोडाचं पातेलं पुढे करून “डबल का मीठा?” असं अदबीने विचारलं, तर हा माणूस अर्ध्या जेवणातून ताट उचलून तीन टेबलं पलीकडे जाऊन बसला. वाढप्याला वाटलं, आपल्याकडून कपड्यांवर काही सांडलं. मी मागोमाग गेलो तेव्हा दिनकरराव ओशाळून म्हणाले, “सवय पडली ना मास्तर. डबल म्हनलं का जागा सोडा लागते.”

दिनकरराव बोथकर म्हणजे आदिलाबादच्या तहसील कचेरीतले जुने पेशकार, साहेबांपुढे फायली मांडणारे कारकून. रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि संध्याकाळी पाच ते सात क्लबात ब्रिज खेळतो. दिनकरराव माझे भिडू. समोर वकील अन्सारी आणि जंगल खात्यातले रिटायर्ड रेड्डीसाहेब. अकरा वर्षं हे चौघे, तेच टेबल आणि तोच कुरकुरणारा पंखा. भिडू बदलावा असं या अकरा वर्षांत मला दर आठवड्याला वाटलं आहे.

ज्यांनी ब्रिज खेळलेला नाही त्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. दोघांविरुद्ध दोघे खेळतात आणि आधी बोली लागते. मी ‘दोन बदाम’ म्हटलं, की बदाम हुकूम धरून मी आणि माझा भिडू मिळून तेरातले आठ हात करणार, असा शब्द दिला. समोरच्याला हा शब्द पोकळ वाटला तर तो म्हणतो ‘डबल’. म्हणजे करून दाखवा, नाही झालं तर दंड वाढला. आता बोलायची पाळी माझ्या भिडूची. त्याने ‘पास’ म्हणून शांत बसावं, नाहीतर दुसरा रंग बोलून पळ काढावा, नाहीतर ‘रिडबल’ म्हणावं. हे रिडबल काही लोक मिशीला पीळ देऊन म्हणतात. आमच्या जोडीत मात्र त्याचा अर्थ पहिल्या दिवसापासून ठरलेला होता: भिडू, आपण सापडलो, मला काही सुचत नाही, तूच यातून बाहेर काढ.

दिनकररावांनी हे सगळं कचेरीच्या भाषेत नेऊन बसवलं होतं. डबल म्हणजे जप्ती. पास म्हणजे तामील, निमूट मान्य. पळ काढणं म्हणजे फरारी. आणि रिडबल म्हणजे मोहलत, मुदत वाढवून मागणं. अन्सारींनी जाडजूड आवाजात “डब्बल!” म्हटलं, की दिनकरराव पत्ते छातीशी धरत. मग ते माझ्याकडे न बघता पुटपुटत, “जप्ती आली मास्तर, मुक्काम हलवा,” आणि फरार होत.

एकदा मी दोन बदाम बोललो. अन्सारींनी डबल दिली. दिनकरराव पळून दोन इस्पिकवर गेले. तिथे रेड्डींनी डबल दिली. ते तीन किलवरवर गेले. तिथेही डबल. तीन चौकट. पुन्हा डबल. आता पळायला रंगच उरला नाही, तेव्हा हा गृहस्थ सगळं गाव फिरून तीन बदामांवर आला, म्हणजे मी जिथे होतो तिथेच, फक्त एक पायरी वर. त्यावर अर्थात डबल. खेळून झाल्यावर मोजले तर आमचे बरोबर आठ हात झाले होते. पहिल्या जागी नुसते बसून राहिलो असतो तर जिंकलो असतो.

“काका, निदान रिडबल म्हणायचं. मी बघितलं असतं काय ते,” मी चिडून म्हणालो.

“मोहलतीचा अर्ज टाकला का कबुली झाली, मास्तर. आपन अडचनीत हाओ हे सरकारले लिहून देनं झालं. उभ्या नोकरीत मी कोनाले मोहलत मागतली नाई.”

हे खरं होतं. नोकरीत मुआयना, म्हणजे वरून तपासणी, आली की ते रजा टाकून बाजारहत्नूरला बहिणीकडे जात. कुत्रं दिसलं की गल्ली बदलत. अनोळखी नंबर वाजला की फोन उशीखाली सरकवून त्यावर बसत. भीती वाटते हे मात्र त्यांनी कधी कुणाला तोंडाने सांगितलं नाही. त्यांच्या घरी साप निघाला तेव्हा ते “जरा भाजी घेऊन येतो” म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडले होते. त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, पकडणाऱ्याला बोलावलं, साप रवाना केला, ओटा धुतला आणि वर त्यांनी आणलेल्या भाजीला नावं ठेवली. काकू हसत सांगायच्या, “आमच्या घरी भ्याचं खातं यांच्याकडे, बाकीची सगळी खाती माझ्याकडे.”

त्याच काकूंना डिसेंबरात छातीत गाठ लागली. गावातल्या मोठ्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासायला हैदराबादला पाठवला. रिपोर्ट पंधरा दिवसांत येणार होता. मी रोज क्लबात विचारायचो, “आला का?” आणि दिनकरराव पत्ते पिसत म्हणायचे, “अजून नाई. हैदराबादचं काम, टाइम लागते.” त्यांचे पत्ते पिसून संपतच नसत. काकूंच्या हातची भाकरी मी त्या घरात किती वेळा खाल्ली असेल! पंधराचे अठरा दिवस झाले, वीस झाले, आणि मी विचारायचंही सोडून दिलं. उत्तराची मलाच भीती वाटायला लागली होती.

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. थंडी अशी की अन्सारी कानटोपी घालूनच बोली लावत होते. माझ्या हातात लांबलचक चौकट आली, मी ‘तीन चौकट’ म्हणालो. अन्सारींनी कानटोपी वर सरकवली. “डब्बल.”

मी मनातल्या मनात पुढचा प्रवास आखून ठेवला. तीन बदाम, तीन इस्पिक, चार किलवर. दिनकरराव पत्त्यांकडे बघत बसले. त्या दिवशी ते पुटपुटले नाहीत. त्यांच्या हातातला एक पत्ता खाली पडला, तो मीच उचलून उलटा त्यांच्या हातात दिला. मग अगदी बारीक आवाजात त्यांच्या तोंडून आलं, “रिडबल.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा! रेड्डीसाहेब “अय्यो” म्हणाले आणि पास झाले. या माणसाने मोहलत मागितली म्हणजे याच्या हातात चौकटचं पानसुद्धा नसणार, तीन चौकटवर थांबलो तर धूळधाण होणार. ठरल्याप्रमाणे त्यांना बाहेर काढणं माझं काम. माझ्याकडे चार फुटकळ बदाम होते. मी डोळे मिटून ‘तीन बदाम’ म्हणालो. अन्सारींनी पुन्हा डबल दिली. आता तरी हे पळतील म्हणून मी वाट पाहिली, तर दिनकरराव म्हणाले, “पास.” त्यांचं लक्ष टेबलावर नव्हतंच.

त्यांनी पत्ते उघडून मांडले. बदामाचं एकच पान. आणि चौकटचा एक्का, राजा आणि वर आणखी दोन.

आम्ही चार हातांनी बुडालो. तीन चौकट मी झोपेत केले असते. अन्सारींना एवढा मोठा विजय झेपेना, ते दिनकररावांनाच विचारायला लागले, “बोथकरसाब, ये रिडबल किस वास्ते?” दिनकरराव उठून व्हरांड्यात गेले. मी तावातावाने त्यांच्या मागे.

“काका, एक्का-राजा हातात धरून कोण मोहलत मागतं? काही विचार करायचा की नाही?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढली. घडीवर पार विरली होती.

“रिपोर्ट गुरुवारीच आला, मास्तर. मोबाइलवर मेसेज आला होता. आज मंगळवार. रोज दवाखान्याच्या गेटापर्यंत जातो, पाय आत जात नाई. मग इकडे येऊन बसतो.”

“काकूंना?”

“तिले सांगतलं, आला नाई. तुमाले बी तेच सांगून राह्यलो.” ते कठड्याला टेकले. “ते रिडबल पत्त्याचं नवतं. तोंडातून निघून गेलं. मनात हेच चालू होतं, कोनीतरी काढावं मले याच्यातून. मले नाई सुचून राह्यलं काही.”

मी त्यांच्यावर ओरडलो होतो याची लाज वाटली. मी आत जाऊन टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली आणि म्हणालो, “चला. दोघं जाऊ.” अन्सारी आणि रेड्डी आमच्याकडे बघतच राहिले.

दवाखान्याची खिडकी सहाला बंद होते. क्लबापासून रस्ता दहा मिनिटांचा, पण दिनकररावांनी मला दोनदा थांबवलं. एकदा म्हणे चाकात हवा कमी वाटते, एकदा म्हणे चिठ्ठी खिशात आहे की नाही ते बघू. दोन्ही वेळा मी थांबलो. खरं सांगायचं तर मलाही पोहोचायचं नव्हतं. गेटाशी आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि खिडकीपर्यंत सोडलं नाही.

खिडकीतल्या मुलीने चिठ्ठीवरचा नंबर रजिस्टरमध्ये शोधला, बोट ठेवलं आणि तेलुगूत म्हणाली की हा रिपोर्ट तर गुरुवारीच गेला, अम्मा स्वतः चौकशीला आल्या आणि नाव सांगून घेऊन गेल्या. आम्हाला समजलं नाही असं वाटून तिने रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. समोर काकूंची सही होती, मराठीत, एकेक अक्षर सुटं. दिनकररावांनी सही बघितली, मग जुन्या पेशकारासारखी तारीख बघितली, मग पुन्हा सही बघितली.

“गुरुवारी,” ते म्हणाले. “गुरुवारी मी घरी गेलो तं तिनं इचारलं, आज किती जपत्या आल्या. मी म्हनलं तीन. तं हासली.”

आम्ही त्यांच्या घरी पोहोचलो. काकू पुढच्या खोलीत पलंगावर बसून सुपात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आमचे चेहरे बघितले आणि त्यांचे हात थांबले. मला सांगावंच लागलं नाही. त्या उठल्या, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून पाकीट काढलं आणि पलंगावर ठेवलं.

“तेच हाय,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हने लवकर ध्यानात आलं, नागपूरले जा लागते. मी म्हनलं संक्रांत होऊ द्या, मंग सांगीन. तुमाले सांगतलं असतं तं तुमी जेवन सोडलं असतं.”

“काऊन एकटी गेली तू?”

“मंग कोनाले नेऊ? तुमाले? तुमी भेता.” हे त्यांनी कसलाही टोमणा न मारता, शेंगांचा भाव सांगावा तसं सांगितलं.

दिनकरराव उंबऱ्याशी चपला घालूनच उभे होते. त्यांची नजर एकदा दाराबाहेर गेली. मी त्यांना अकरा वर्षं ओळखतो. मला वाटलं, आता हे म्हणणार, जरा भाजी घेऊन येतो. मी दारातून बाजूला झालो नाही.

त्यांनी चपला काढल्या. काकूंच्या शेजारी जाऊन बसले. शेंगांचं सूप मांडीवर घेतलं, एक शेंग उचलली, पण ती काही सोलता येईना.

“भेतो तं भेतोच,” ते म्हणाले. “आता बी भिऊन राह्यलो. पन सुमन, पाच दिवस मी तिकडे एकटा भेलो आन् तू इकडे एकटी भेलीस. काय मतलब निघाला? आता जे काही भ्याचं ते इथं दोघं बसून भेऊ.”

काकू “चहा ठेवते” म्हणून उठायला लागल्या. दिनकररावांनी पदराचं टोक धरून त्यांना खाली बसवलं. तेव्हा कुठे काकू रडल्या, मोठ्याने, अगदी लहान मुलीसारख्या. आणि दिनकरराव जागचे उठले नाहीत.