सैतानाची कामे: सुधारित यादी

मनुष्य जे कधीच करत नाही, ते सोडून देण्याची त्याची तयारी नेहमी उत्तम असते. बोदवडच्या मेथडिस्ट मंडळीत दृढीकरणाचा विधी याच भक्कम पायावर सुरळीत चालला होता. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी तान्ह्या मुलाच्या वतीने जे कबूल केलेले असते, ते मोठेपणी त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे, म्हणजे दृढीकरण. बिशपसाहेब विचारतात, "सैतान व त्याची सर्व कामे तुम्ही सोडता काय?" मुले म्हणतात, "सोडतो." बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात आणि मंडळी जेवायला बसते. (मटणाची पातेली प्रश्नाच्या आधीच चुलीवर चढत असल्यामुळे 'नाही' या उत्तराची सोय ठेवलेली नव्हती.)

१९६७ साली या विधीच्या तयारीचा वर्ग पाळक शांतवन खरात घेत होते. कोणाचे मन दुखवायचे नाही, एवढे एक व्रत त्यांनी कडकपणे पाळले होते. वर्गातल्या पाच जणांत कंपाउंडर अभिमन यांची करुणा होती. मंडळीचे खजिनदार तोताराम यांच्या धुळ्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी तिचे लग्न ठरले होते, आणि दृढीकरण झाले की बार उडायचा होता.

"पाळकसाहेब," करुणाने विचारले, "सैतानाची कामं म्हणजे नेमकी कोणती? सोडायची तर आधी ठाऊक नकोत का?"

पाळकसाहेबांना घाम फुटला. साऱ्या हयातीत हा प्रश्न त्यांना कोणी केला नव्हता. स्वतः त्यांनीही नाही. त्यांनी प्रकरण रीतसर पंचकमिटीपुढे ठेवले.

पहिला मसुदा त्यांनी वाचून दाखवला: तंबाखू, चहाडी, सिनेमा, खोटे बोलणे, जातपात आणि हुंडा. मंडळी गंभीर झाली.

तंबाखूवर एका वृद्ध पंचांनी हरकत घेतली. देवाने वनस्पती उत्पन्न केली व ती चांगली आहे असे पाहिले, हे त्यांनी शास्त्रवचनासह सिद्ध केले. (बोलण्याआधी ते बाहेर जाऊन थुंकून आले.) महिला मंडळाच्या सुनंदाबाई म्हणाल्या, "चहाडी कशाला म्हणायचं? दुसऱ्याच्या घरची काळजी वाटते म्हणून आपण बोलतो." चहाडी गेली. खोटे बोलणे वगळावे, असे मालधक्क्यावर नोकरीला असलेल्या एका सभासदाने कळकळीने सुचवले. सिनेमा खुद्द पाळकसाहेबांनीच कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी खोडला. मंडळीत जातपात नाहीच, मग सोडायची कशी, असे एकमताने ठरले. (सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याआधीचे घराणे विचारतात, ती निव्वळ इतिहासाची आवड.)

राहिला हुंडा.

"आम्ही काही मागितलेलं नाही," तोताराम म्हणाले. "सायकल, रेडिओ, घड्याळ ही प्रेमाची भेट आहे. मी फक्त कंपनी सांगितली."

अभिमन कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, मग तोतारामांकडे पाहिले, आणि हुंड्यावर रेघ मारली. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

यादी अगदीच रिकामी दिसू लागल्याने समुद्रावरील चाचेगिरी, राजद्रोह आणि हत्तीची चोरी अशी तीन कलमे भरण्यात आली. मुलांकडून ती पाठ करून घेण्यात आली.

बिशपसाहेब रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आले. त्यांनी प्रश्न विचारला. चौघे म्हणाले, "सोडतो." पांढऱ्या साडीतली करुणा थांबली.

"कमिटीनं सांगितलेली तिन्ही कामं मी सोडते. आणि हुंडाही सोडते. मागणाऱ्याच्या घरी मी नांदायला जाणार नाही."

बिशपसाहेबांना पार्श्वभूमी काहीच माहीत नव्हती. ते भारावून "आमेन!" म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. त्यामुळे घटनेला कायदेशीर स्वरूप आले.

तोतारामांनी सोयरीक जागच्या जागी मोडली. (म्हणजे जेवण झाल्यावर.) पाळकसाहेब अभिमनांची समजूत घालायला गेले. अभिमन म्हणाले, "साहेब, पोर खरं बोलनी. माले ते कधी जमनं नही." आणि डोळे पुसता पुसता ते हसले.

करुणा पुढे नर्सिंगला गेली. मंडळीची शांतता बिघडवल्याबद्दल पाळकसाहेबांची धुळ्याला बदली झाली. तिथे ते आल्यागेल्याला हा किस्सा सांगतात. ऐकणारा पोट धरून हसतो आणि बोदवडच्या लोकांची कीव करतो. त्याचे हसणे पुरते संपू देऊन पाळकसाहेब मूळची सहा कामे पुन्हा म्हणून दाखवतात, आणि यातले तुम्ही कोणते वगळाल, असे नम्रपणे विचारतात. आजवर कोणीही एकापेक्षा जास्त सवलत मागितलेली नाही. विचार करायला वेळही कोणी घेत नाही. किस्सा ऐकता ऐकताच, तुमच्याप्रमाणे, प्रत्येकाने आपले एक बाजूला काढून ठेवलेले असते.