पुढच्या चाकांचा बेत

बेत इतका बिनतोड होता, की तो कुणाला सांगता येत नाही याचंच हंबीररावांना वाईट वाटत होतं. फौजेत त्यांनी उभी हयात डोंगरातून गाड्या हाकल्या, सुभेदार होऊन घरी आले, पण असा डाव नोकरीत कधी सुचला नव्हता. गाडी विकायला काढायची, गिऱ्हाइकाला स्वतः फिरवून दाखवायची, आणि तरीही ती विकली जाऊ द्यायची नाही!

गाडी म्हणजे त्यांचा जुना, छोटा, फोर-बाय-फोर ट्रक. पेन्शनीत आल्यावर हौसेनं घेतलेला. आता कोरेगावाकडचे रस्ते डांबरी झाले, ऊस न्यायला कारखान्याची वाहनं बांधापर्यंत येऊ लागली आणि ट्रकला काम असं उरलं नाही. तो स्वयंपाकघराच्या दारासमोर उभा असायचा. हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. रविवार आला की हंबीरराव कोंबड्यांना खाली उतरवायचे आणि ट्रक घेऊन कोरेगावला चहा प्यायला जायचे. शालूबाईंना त्याच जागेवर गोठा हवा होता.

"एक तर हितं गोठा हुईल, न्हाई तर तुमी त्या गाडीत ऱ्हायला जा," त्या म्हणाल्या होत्या. हंबीररावांनी दुसऱ्या पर्यायाचा बराच विचार केला होता.

शेवटी शालूबाईंनीच गिऱ्हाईक शोधलं आणि पैशाचंही ठरवून टाकलं. आटपाडीचे दादासो, त्यांच्या माहेरच्या ओळखीतले. दादासोंची डाळिंबाची बाग ओढ्यापलीकडे होती आणि ओढ्याच्या वाळूत साधी गाडी रुतायची. त्यामुळे त्यांची अट एकच होती, फोर-बाय-फोर चाललं पाहिजे. शालूबाईंनीही आपली अट घातली.

"त्यांनी बघून नगं म्हनलं, तर मी जल्मात गाडीचं नाव काढायची न्हाई. पर पसंत पडली, तर तुमी तोंडातनं ब्र काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," हंबीरराव इतक्या पटकन म्हणाले, की शालूबाईंनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

कारण बेत तेव्हाच ठरला होता. या जातीच्या गाडीत चारही चाकांना जोर द्यायचा तर दोन कामं करावी लागतात. आतला छोटा दांडा ओढायचा, हे कुणालाही ठाऊक असतं. पण खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवून कुलूप करायचं, हे तशी गाडी वापरलेल्यालाच ठाऊक. चकती मोकळी ठेवली, की आत दांडा कितीही ओढा, पुढची चाकं पाहुण्यासारखी नुसती बरोबर फिरतात, कामाला हात लावत नाहीत. सकाळी गाडी पुसण्याच्या निमित्ताने हंबीररावांनी दोन्ही चकत्या मोकळ्या करून ठेवल्या.

दादासो एसटीने आले, म्हणजे परत गाडीनेच जायच्या तयारीने. चहा झाल्यावर शालूबाईंनी कागदपत्रांची पिशवी आणि वर एक नारळ थेट त्यांच्याच हातात दिला.

"पसंत पडली तर तशीच तिकडनं घिऊन जावा. हितं परत आणली की ह्यांचा पाय पुन्हा अडकतो."

पहिली परीक्षा शाळेच्या टणक मैदानावर झाली. हंबीररावांनी दांडा ओढला, स्टेअरिंग पार कडेला फिरवलं आणि गाडीने अलगद वळसा घेतला. मग त्यांनी चेहरा पाडला.

"बघितलंसा दादासो? कशी सहज वळली."

"व्हय की. लोण्यावानी."

"आवं, तेच तर वाईट हाय! फोर-बाय लागला असता, तर टणक भुईवर वळताना गाडीनं आडून धरलं असतं. स्टेरिंग जड झालं असतं. ह्यात दोष हाय."

दादासो त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत आदर दाटून आला होता.

"सुभेदार, इकणारा मानूस सोताच्या तोंडानं दोष सांगतोय, हे मी आजवर बघितलं न्हवतं."

हंबीररावांनी जॅक काढला. पुढचं एक चाक उचललं, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाकली, दांडा ओढलेलाच ठेवला आणि चाकाला हात लावला. चाक गरगर फिरलं.

"हे चाक हलाय नगं हुतं. हलतंय म्हंजे पुढं जोरच येत न्हाई."

दादासोंनीही चाक फिरवून पाहिलं. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी ते पुन्हा फिरवलं. "बेरिंग झ्याक हायती."

"बेरिंगचं न्हाई बोलत मी! ही गाडी धूर लय सोडती. हौद्यात कोंबड्या अंडी घालत्यात."

"कोंबड्या बसत्यात म्हंजे पत्रा गळत न्हाई," दादासो समाधानाने म्हणाले. "फौजी मानूस. खोटं बोलायचं जमतच न्हाई तुमास्नी."

आता या माणसाचं करायचं तरी काय? दोष दाखवावा तर त्याला त्यात गुण दिसायचा, आणि वर आपल्याच इमानदारीचं कौतुक ऐकून घ्यावं लागायचं. तोंडाने सांगून कळत नाही, तर डोळ्यांनी बघा म्हणावं. हंबीररावांनी गाडी सरळ आपल्या रानाकडे काढली. ऊस तुटून रान मोकळं होतं आणि काल रात्रभर त्यात पाणी सोडलेलं होतं.

"तुमी मागं बांधावर हुबं ऱ्हावा," ते म्हणाले आणि गाडी चिखलात घातली.

गाडी थोडी गेली आणि बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, पुढची दोन्ही निवांत होती. हंबीररावांनी मनापासून रेस दिली. गाडी अजून खाली गेली आणि उडालेला सगळा चिखल दादासोंच्या अंगावर गेला. टोपी, मिश्या, पिशवी, नारळ, काही सुटलं नाही.

दादासोंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "न्हाई सुभेदार. माझ्या वड्यात अशी रुतली, तर डाळिंबं झाडालाच वाळत्याल."

"मग नगं म्हंता?"

"नगं."

हंबीररावांना गाडीतच नाचावंसं वाटलं. त्यांनी महत्प्रयासाने उसासा सोडला. गाडी वाचली होती. आता जन्मभर रविवार, जन्मभर कोरेगावचा चहा.

तेवढ्यात बांधावर ट्रॅक्टर येऊन थांबला. नानासो! शेजारच्या रानाचे मालक, शाळेत एका बाकावर बसलेले आणि तेव्हापासून हंबीररावांना एकही गोष्ट सुखाने करू न दिलेले. ट्रॅक्टर भारी की फोर-बाय-फोर, यावर पारावर दोघांचं कितीदा तरी वाजलं होतं.

"काय रं हंबीर, भात लावतोयस व्हय?"

"तू तुझ्या वाटंनं जा, नाना."

"आसं कसं जाऊ गड्या? चारी चाकं वढत्यात म्हनत हुतास. चारी बसल्यात की." नानासोंनी साखळी काढली. "वढतो. गावातनं तुझ्या दारापातूर वढत नेतो. थांब, आदी गावच्या ग्रुपवर टाकतो."

त्यांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. हंबीररावांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. फक्त गप्प बसायचं होतं. गाव हसेल, चार दिवस हसेल, पण गाडी दारात राहील. ते दात आवळून बसून राहिले.

नानासो एका हातात चालू मोबाईल धरून चिखलात उतरले, पुढून साखळी अडकवायला वाकले आणि बॉनेटवर हळूच थाप मारून म्हणाले, "बिचारी. म्हातारी झाली रं."

"साखळी काढ," हंबीरराव म्हणाले.

"आं?"

"साखळी काढ म्हनतो न्हवं!"

हंबीरराव गुडघाभर चिखलात उतरले आणि त्यांनी साखळी बाजूला फेकली. एका चाकाची चकती फिरवली, चिखलातून वळसा घालून दुसऱ्या चाकाची फिरवली, पुन्हा आत बसले आणि रेस दिली; दांडा ओढलेलाच होता. गाडीने एक झटका खाल्ला. पुढची चाकं चिखलाला भिडली आणि गाडी चिखल तुडवत वर निघाली. आणि नुसती निघाली नाही. नानासोंचं शूटिंग चालू होतं, म्हणून हंबीररावांनी अख्ख्या रानाला एक फेरी मारली, नानासोंच्या पायजम्यावर पुरेसा चिखल उडवला आणि गाडी बांधावर चढवून दादासोंसमोर उभी केली.

"ह्याला म्हंत्यात फोर-बाय!" छाती काढून ते म्हणाले. आणि म्हणता म्हणताच आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

चिखलाने माखलेल्या चेहऱ्यातून दादासोंचे दात तेवढे चमकत होते. "सुभेदार, चाकाला काय केलंसा?"

"ते... चकती असती. आदी फिरवाय लागती."

"मग मगापासनं का न्हाई फिरवली?"

हंबीरराव आरसा पुसू लागले. उत्तर दादासोंनाच सुचलं.

"कळलं. आदी न फिरवता रुतवून दावलीसा, मग फिरवून भाईर काढलीसा. फरक माज्या ध्येनात ऱ्हावा म्हनून. वा सुभेदार! गाडी परत्येकजन इकतो, शिकवतो कोन?"

त्यांनी तिथेच नारळ फोडला, हंबीररावांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि चावी मागितली. ब्र काढायचा नाही असं कबूल केलेलं होतं. हंबीररावांनी चकती कुठल्या बाजूला फिरवायची ते दाखवलं, दादासोंचा हात धरून फिरवून घेतली. गाडी निघाली, तसे ते मागून चालत गेले.

"डांबरीवर दांडा परत ढकला! वळताना आडून धरती! आन थंडीत तिला जरा तापू द्या," शेवटचं वाक्य त्यांनी रिकाम्या रस्त्याला सांगितलं. त्यांना खरोखर रडू येत होतं.

फोन वाजला. शालूबाई होत्या. "ग्रुपवर बघितलं. लय झ्याक चालवलीसा. जेवाय या."

मागे ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. नानासोंनी मडगार्डवरचा चिखल हाताने पुसला.

"चल, बस. दारापातूर सोडतो."

हंबीररावांनी लांबच्या लांब रस्त्याकडे पाहिलं, आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि निमूट बसले. गावात शिरताना नानासोंनी ट्रॅक्टर मुद्दाम हळू घेतला. पारावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. साखळी तेवढी बांधलेली नव्हती, एवढंच.