सबनीसकाका उभे राहिले नाहीत

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, हे मला आत्ताच सांगायचंय. गुरुवारपासून डोक्यात नुसतं तेच फिरतंय.

बॉथेलमध्ये आमच्या टाउनहाउसच्या भिंतीपलीकडे सबनीसकाका राहतात, लेकीकडे. वय एकाहत्तर. त्यांच्या घरात शिरायचं तर दारात उभं राहून ‘परमिशन टू कम अबोर्ड, सर’ म्हणावं लागतं. मलाच नाही, पिझ्झावाल्यालाही. तो बिचारा म्हणतो पण, आणि काका गंभीर चेहऱ्याने ‘ग्रँटेड’ म्हणून पिझ्झा घेतात.

काका नेव्हीतले. आधी आपल्या नेव्हीत बावीस वर्षं, मग मॉरिशसला तिथल्या पोरांना गस्तीच्या बोटी शिकवायला, मग ओमानच्या नौदलात कॉन्ट्रॅक्टवर. त्यामुळे टोमणेही तीन देशांचे. माझा चहा पिऊन म्हणाले, ओमानमध्ये असतो तर पाहुणा म्हणून गप्प प्यायलो असतो. आपल्या जहाजावर मात्र कुकची चौकशी लागली असती. माझी कार बघून म्हणाले, "कॅडेट, हे पार्किंग नाही. हे जहाज वाळूत रुतलंय."

त्यांची मुलगी मेधाताई या गोष्टींना फारशी हसत नाही. ती जन्मली तेव्हा काका समुद्रात, तिच्या दहावीला मॉरिशसला, लग्नाला ओमानहून फक्त तीन दिवस. काकू गेल्यावर तिने त्यांना इकडे आणलं, ग्रीन कार्ड केलं. मागच्या वर्षी ते पुण्यात नऊ महिने राहिले, तर परत येताना एअरपोर्टवर इमिग्रेशनवाल्यांनी दोन तास बसवून ठेवलं. नक्की इथेच राहता ना, हेच विचारत होते. ताई बाहेर रडकुंडीला आलेली. पुढच्या वेळी आत सोडलंच नाही तर? म्हणून तिने अमेरिकन सिटिझनशिपचा फॉर्म भरायला लावला.

टेस्टचे प्रश्न मी घ्यायचे. काकांना सगळं पाठ, वर मलाच दुरुस्त करायचे. पण शपथेचा कागद काढला की उठून गॅलीत, म्हणजे किचनमध्ये, जायचे. त्यात लिहिलंय की आधीच्या देशाशी असलेली निष्ठा मी सोडतो. मी म्हटलं, काका, तीन देशांची नोकरी केलीत, त्यात हा एक कागद काय.

ते शांतपणे म्हणाले, "नोकरी तीन ठिकाणी केली. शपथ एकदाच घेतली."

गुरुवारी शपथविधी होता. ताईला हॉस्पिटलच्या ड्यूटीतून सुट्टी मिळेना, म्हणून मी ड्राइव्ह केलं. काका इस्त्रीचा ब्लेझर घालून पुढे बसले, मी मागे पाहुण्यांत. तिथे एकेका देशाचं नाव घेतात. आपल्या देशाचं नाव आलं की उठायचं आणि उभंच राहायचं. इंडिया म्हटल्यावर कितीतरी जण उठले. काका बसून. मेक्सिको झालं, फिलिपिन्स झालं, व्हिएतनाम झालं. आता शपथ घेणारे सगळे उभे, आणि मध्ये एकटे काका, गुडघ्यांवर हात ठेवून. ताईला काय मेसेज करू तेच कळेना यार.

मग ऑफिसरने शपथेसाठी हात वर करायला सांगितलं. काका उठले. उजवा हात वर. अख्खी शपथ, एकही शब्द न गाळता, इतक्या खणखणीत आवाजात की शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

कारमध्ये बसल्यावर मी विचारलंच.

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इंडिया म्हटल्यावर उभा राहिलो असतो ना, तर पुढचं तोंडातून निघालं नसतं."

मग म्हणाले, मेधाला फोन लाव. तिने पहिल्या रिंगला उचलला.

"झालं गं," काका म्हणाले. "आता मला कुठलंही पोस्टिंग नाही."

मग ते फोन कानाला धरून नुसते ऐकत राहिले. मी कार चालूच केली नाही.

तुमच्या आई-बाबांनी तुमच्याजवळ राहायला असं काही सोडलंय का? आणि तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं का?