भिंग सोडून सगळं

अंबादासरावांनी पहिल्या भेटीत आमच्या घरचा पाण्याचा तांब्या हातावर तोलला आणि पाणी पिण्याआधी सांगितलं, "सव्वा शेर." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात आकडा पडला हे मला कळलं.

दोष त्यांचा नव्हे. निजामाच्या अमलात जकातीला करोडगिरी म्हणत, आणि परळीकडच्या आमच्या गावातल्या करोडगिरी नाक्यावर ते कारकून होते. गूळ, कापूस, सरकी, येईल ते काट्यावर. मी त्याच गावच्या शाळेत मराठीचा मास्तर. काट्यावर न चढलेला गावातला शेवटचा माल मीच उरलो होतो.

त्यांना दुसरं वेड फोटोचं. लाकडी कॅमेरा, फोटो उमटायच्या काचांची पेटी, तीन पायांचं तिकाटणं, डोक्यावर घ्यायचं काळं कापड आणि नारळाएवढं पितळी भिंग, हा सगळा संसार टमटमीत घालून आम्ही सुट्टीच्या दिवशी देवळं टिपायला निघायचो. ओढायला एक म्हातारं तट्टू. चढ आला की ते थांबायचं आणि मान वळवून बघायचं. सामानाकडे नाही, माझ्याकडे.

शेवटी अंबादासरावांनी वजन उतरवायचं मनावर घेतलं. कॅमेऱ्याच्या पितळी कड्या गेल्या. निम्म्या काचा घरी राहिल्या. काळ्या कापडाच्या जागी माझा काळा कोट आला. "तुमी तो घालताच की, मास्तर." मी भिंगाकडे बोट दाखवलं, कारण सगळ्यात जड तेच होतं. त्यांनी कानांवर हात ठेवले. "भिंग सोडून काय बी मागा."

मग तिकाटण्याची पाळी आली. "ह्याचं काम काय? हालायचं न्हाई, येवढंच. ते तुमाला बी जमतंय."

शाळेत पोरांना ओणवं उभं करणारा मी, धर्मापुरीच्या जुन्या देवळापुढे स्वतः ओणवा झालो. पाठीवर कॅमेरा, डोक्यावर उन्हाचा तडाखा आणि मागून हुकूम, "श्वास धरा, मास्तर." माझ्या वर्गातल्या एका पोराचं आजोळ नेमकं धर्मापुरीला निघालं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतली ओणवं करायची शिक्षा बंद केली.

पाठीचं मात्र कौतुक झालं. "रुंद हाय, सपाट हाय, लाकडापरीस बरी." फोटो इतका साफ आला की भिंतीवरच्या दगडी बाईच्या कानातली कुडीसुद्धा दिसत होती.

तो फोटो ते तडक आतल्या खोलीत घेऊन गेले. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, विहिरीवर पाय घसरून पडल्यापासून बाजेवरच होत्या. त्यांची कंबर गेली ती गेलीच. त्या फोटो डोळ्यांजवळ धरून बघायच्या आणि मी बाहेर ओसरीवर ऐकत बसायचो. "हिच्या पायात तोडे हायत का वाळे?" त्या विचारायच्या. अंबादासरावांना सांगता आलं नाही, की पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा टमटमीत. भिंगाचा हट्ट कुणासाठी आहे हे शहाण्या माणसाला तेव्हाच कळलं असतं. मी आपली पाठ चोळत बसलो.

एके दिवशी आतून आवाज आला. "फोटो लई झाले. एकदा देऊळच दाखवा की."

दुसऱ्या दिवशी नाक्यावर गादी, लोड आणि उशा काट्यावर चढल्या. वहिनींना निजवून न्यायचं तर टमटमीत जागा हवी, आणि तट्टूला तो चढ जमायला हवा. ते मध्येच बसलं, तर त्यांना उचलून आणायचं कसं? शेवटी त्यांनी मलाही काट्यावर बसवलं. आकडा बघून ते वजनं उतरवू लागले.

"मास्तर, तुमी यायचं न्हाई."

"मग कॅमेरा कशावर ठेवणार?"

"मोठा नेतच न्हाई. भिंग बी ऱ्हाऊ द्या घरी."

हैदराबादेहून आणलेला घडी होणारा फिल्मचा एक कॅमेरा त्यांच्या माळ्यावर धूळ खात पडला होता. हातात मावणारा. त्यातून निघालेला फोटो बघून त्यांनीच एकदा तो तिथे टाकला होता. "कुडी दिसंना, मग देवळाला कशापायी जायचं?" म्हणाले होते. आता तोच खिशात घालून ते निघाले, आणि मी वेशीपाशी काढून टाकलेल्या तिकाटण्यासारखा उभा राहिलो. मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, रडूही आलं.

परत आल्यावर त्यांनी मला बोलावून फोटो दाखवला. विड्याच्या पानाएवढा. देवळाच्या जागी करडा ढग, पुढे लोडाला टेकलेल्या वहिनी. चेहरा पुसट. कुडी सोडाच, कान शोधावा लागत होता. पण त्या तोंड भरून हसत होत्या, एवढं कळत होतं.

"हात हालला," अंबादासराव म्हणाले. "ती हासली अन् माझा हात हालला."

"मी असतो तर साफ आला असता," मला राहवलं नाही.

"तुमी असता तर तिनं तोंडावर पदर ओढला असता, मास्तर."

त्यांनी फोटो तळहातावर घेतला. मला वाटलं, आता वजन सांगतील. पण त्यांनी तो तोललाच नाही. त्यांचा हात अजून हलत होता, म्हणून मी त्याला खालून माझा हात लावला.