गोपाळदादा आणि चौथा मजला

आमच्या कंपनीत एखाद्या दरवाजाला नवा रंग लागला की गोपाळदादा त्याच्यासमोर जाऊन उभे राहत. हात पाठीमागे, मान तिरपी. रंगाऱ्याला वाटे, कुठं डाग राहिला की काय. पण गोपाळदादा डाग शोधत नसत, कंपनीचा बेत शोधत. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणत, "सा एन स्त्रातेजी सा! डाव हाय हा, साधा रंग न्हाय गो बाय. यामागं डोकं हाय."

आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईतल्या त्या चार मजली इमारतीत मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा कंपनीचा पसारा फार मोठा होता. साखर, हॉटेलं, विमा, फ्रिज, ट्रॅक्टर. गोपाळदादा आणि मी तळमजल्यावर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या विभागात. दोघंही सें पिएर गावचे, दोघंही मराठी, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला अख्खी कंपनी समजावून सांगितली. त्याआधी ती मला थोडीफार समजत होती.

समजावण्याची जागा म्हणजे कँटीनचं टेबल. डाळपुरी मधे ठेवायची, ती साखर. आंब्याचं अचार म्हणजे हॉटेलं, कारण तिखट पण सगळ्यांना हवं. बाजूनं गातो पिमां म्हणजे डाळ-मिरचीचे तळलेले वडे मांडायचे, ते लहान विभाग. कोण कुणाच्या हाताखाली, कोण कुणाला नको आहे, हे सांगताना ते वाट्या सरकवत राहत. एकदा ड्रायव्हर मार्सेलनं ऐकता ऐकता विमा विभाग खाऊन टाकला. गोपाळदादा क्षणभर गांगरले, मग म्हणाले, "बरोबर हाय. तो विभाग जानारच होता."

तो कुठं गेला नाही. त्यांचं एकही भाकीत कधी खरं ठरलं नाही. लिफ्ट बंद पडली तेव्हा म्हणाले, खालच्यांनी वर जाऊ नये म्हणून ही पॉलिसी. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. कॉफीऐवजी चहा मिळायला लागला तेव्हा म्हणाले, हॉटेलं विकणार. कँटीन सांभाळणाऱ्या मा तेरेझला विचारलं तर कॉफी संपली होती. पण त्यांचा उत्साह असा, की ऐकणाऱ्याचाच गोंधळ उडे. मी तर महिनाभर चुकीच्या साहेबाला गुड मॉर्निंग म्हणत होते.

सगळ्यात जास्त लक्ष त्यांचं चौथ्या मजल्यावर. तिथं मोठे साहेब बसत आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत विस्तार विभागाचे साहेब मिस्ये रघू, आमच्या मराठी लोकांतले एकटेच इतके वर पोचलेले. मा तेरेझ दुपारी वरची ताटं घेऊन खाली आली की गोपाळदादा उठून जात.

"चौथ्याचं ताट कसं आलं?"

"अर्धं भरलेलं."

मग दुपारभर त्यांचं कामात लक्ष नसे. मी विचारलं, "दादा, उरलेल्या भातावरून कंपनीचं काय कळतं?"

"सगळं कळतं," ते म्हणाले. मला काहीच कळलं नाही.

एके वर्षी साखरेचा भाव पडला आणि कंपनीनं लंडनहून एक तज्ज्ञ बोलावला. कुठला विभाग कशाला आहे, कोण काय करतं, याचा तो अभ्यास करणार होता. सगळे घाबरले. गोपाळदादा तेवढे खूश. ते लग्नातला कोट घालून आले आणि इंग्रजीसाठी मला बरोबर घेऊन गेले.

लंडनच्या साहेबानं विचारलं, "तुमचे वरिष्ठ कोण?"

गोपाळदादा मला म्हणाले, "विचार त्याला, कागदावरचा की खरा?"

मी तसंच विचारलं. साहेबानं चष्मा काढून पुसला. पुढचा अर्धा तास गोपाळदादा रंग, लिफ्ट, चहा यांवर बोलले, मी भाषांतर करत राहिले, आणि साहेबाचा चेहरा एखाद्या अनोळखी गावात उतरलेल्या माणसासारखा होत गेला. शेवटी त्यानं विचारलं, "कंपनीत काय बदलावं असं तुम्हाला वाटतं?"

इथं गोपाळदादांनी खुर्ची पुढं ओढली. आवाज उतरला.

"त्याला सांग, चौथ्या मजल्यावरच्या मिस्ये रघूवर तिघांचं काम हाय. त्याला निवांत जेवू देत न्हाईत. त्याचं वझं कमी करा म्हनावं."

मी सांगितलं. साहेबानं मान हलवली.

दोन महिन्यांनी निर्णय आला. आमच्या विभागाला धक्काही लागला नाही. विस्तार विभाग बंद. मिस्ये रघूंनी त्याच दिवशी कंपनीची गाडी परत करायची होती.

गोपाळदादांनी ते माझ्याकडून तीनदा ऐकलं.

"माज्यामुळं झालं का गो?"

"तुमच्यामुळं कसं होईल? साखरेला भाव नाही, विस्तार कशाचा करणार?"

"पन मी म्हनलो ना, वझं कमी करा. तू काय सांगितलंस त्याला?"

"तुम्ही म्हणालात तेच. दादा, ते मिस्ये रघू तुमचे कोण लागतात?"

"भाव हाय माजा. धाकटा. बाळाराम."

 गोपाळदादांचं आडनाव राघोजी. पण आमच्याकडं हे नवल नाही. जन्म नोंदवणाऱ्या गोऱ्यानं कानावर पडलं तसं लिहिलं, आणि एका आजाच्या नावाची दोन आडनावं झाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. आई-बाप गेल्यावर गोपाळदादांनीच त्याला वाढवलं, शिकवलं. भाऊ साहेब झाल्यावर एकदा जिन्यात त्यांनी "काय रे बाळ्या, जेवलास?" अशी हाक मारली. बरोबर पाहुणे होते. संध्याकाळी तो म्हणाला, "दादा, ऑफिसात असं बोलू नको." मग गोपाळदादांनी बोलणंच सोडलं. तोही दूर क्युरपीप शहरात घर करून राहिला. कोण कुणावर रागावलं होतं, हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

"मला वर घेऊन चल," ते म्हणाले. "वाट ठावं न्हाय."

इतकी वर्षं चौथ्या मजल्याबद्दल सांगणारा माणूस तिथं एकदाही गेला नव्हता.

खोलीत कपाटं रिकामी होती. मिस्ये रघू टेबलापाशी बसले होते, समोर एका खोक्यात आपलं सामान. त्यांनी वर पाहिलं, उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसले.

"दादा, हे कशामुळं झालं? तुला काय कळतंय का?"

मी मनात म्हटलं, आता ऐकायला मिळणार. दरवाजाचा रंग, लिफ्ट, सगळं. पण गोपाळदादा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"न्हाय रे," ते म्हणाले. "मला कायसुदा कळत न्हाय."

मी दार लोटून खाली आले.

संध्याकाळच्या बसमध्ये ते दोघं माझ्या पुढच्या सीटवर होते. क्युरपीपची बस वेगळी, पण मिस्ये रघू आमच्या बसमध्ये चढले होते.  बाहेर उसाला तुरे आले होते, दोघंही एकाच खिडकीतून पाहत होते. सें पिएरला उतरताना गोपाळदादांनी भावाच्या मांडीवरचं खोकं उचललं, आणि त्यानं ते उचलू दिलं.