गयामावशींची लाल चिंधी

आमच्या शेजारच्या गयामावशी म्हशीला सुई टोचली की तिच्या शिंगाला लाल चिंधी बांधतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हशीचा काही नवस असेल. केदारखेड्यात मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, चिंधी सुटेपर्यंत ते दूध खड्ड्यात जाणार.

स्वतःच्या म्हशीपुरतं असतं तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मावशी दुसऱ्यांच्या गोठ्यातही चिंधी घेऊन घुसतात. जनावरांच्या डॉक्टरची मोटारसायकल गावात शिरली की ह्या तिच्यामागे निघाल्याच! एकदा बाबूरावानं चिंधी सोडून दूध डेअरीवर नेलं. मावशींनी सगळ्यांदेखत त्याची कॅन आडवी केली.

"मावशी, डोकं फिरलं का तुमचं?"

"माझं डोकं बराबर हाय! म्हशीचं औषध गावच्या लेकरांना पाजून राह्यलास व्हय? औषध उतरंस्तोवर दूध इकू नको, असं डॉक्टर सांगून गेल्ता ना? लाज न्हाई वाटत?"

त्यांचं खरं होतं, याचाच जास्त राग यायचा. आमचा रतीब त्यांच्याकडेच. चिंधी दिसली की माझी मुलगी भोकाड पसरायची आणि आम्ही कोरा चहा घशाखाली ढकलायचो. कितीही विनवा, उत्तर ठरलेलं, "बिलकुल न्हाई भेटनार!"

यंदा दिवाळीला पुण्याहून त्यांचा मुलगा येणार होता. वर्षातून एकदा येतो. आजीच्या म्हशीचं दूध पिणार, असं नातीनं फोनवर सांगून ठेवलेलं. मावशींनी पितळी पेला चिंचेनं लखलखीत घासला. आणि नेमकी आदल्या दिवशी म्हशीची कास सुजली, सुई टोचावी लागली. म्हटलं, आता बघूच!

चिंधी बांधली गेली. नात रडली. मुलगा खेकसला, "आई, एका पेल्यानं काय होतंय?"

"मंग बाबूरावाची कॅन कशाला सांडली मी?"

मुलगा तणतणत लवकरच परत गेला. साध्या पेल्यावरून आईला असं टाकून जायचं? मला त्याचा भयंकर संताप आला.

पुढे चिंधी सुटली. त्या संध्याकाळी मावशी तोच पितळी पेला साईसकट भरून आमच्या दारात आल्या. माझी मुलगी पीत होती आणि त्या तिच्याकडे बघत समोर उकिडव्या बसल्या होत्या.

"गोड हाय ना, माय? मंग माझ्या नातीला तुझ्या बाबाच्या फोनवरून सांग. माझा फोन उचलून न्हाई राह्यले ते."